शोपँच्या पलीकडचेही एट्यूड्स ऐका की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत पियानोवर अर्धं पान आलं होतं. मराठी पेपरात पियानोवर अर्धं पान म्हणजे आमच्यासारख्यांची दिवाळीच, कात्रण काढून ठेवलंय. पण त्यात एक वाक्य होतं ते काही केल्या चहाबरोबर गिळवेना. शोपँ या पोलिश संगीतकाराचे एट्यूड्स, म्हणजे पियानोच्या अभ्यासरचना, सोडले तर बाकीच्यांचे एट्यूड्स म्हणजे नुसती बोटांची कवायत, अशा अर्थाचं. लेखक जाणकार असणार, माझा त्यांच्याशी वाद नाही, म्हणजे आहेच, म्हणून तर लिहितोय.

आधी सांगून टाकतो, मी वाजवणारा नाही. माझी सगळी नोकरी यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात गेली. कान जो काही झाला तो इथल्या रेल्वे लाइन्स या भागातल्या एका वयस्कर बाईंमुळे, त्यांच्याकडे जुना अपराइट पियानो आहे आणि माझी भाची त्यांच्याकडे शिकायला जायची. तिला सोडणं-आणणं माझ्याकडे, आणि सोलापूरच्या उन्हात तासभर बाहेर कुठं थांबायचं म्हणून मी आतच कोपऱ्यातल्या खुर्चीवर. अशी बारा वर्षं बसलो. एकच ओळ माणूस तीनशे वेळा ऐकतो तेव्हा त्याला काही ना काही कळायला लागतंच ओ, इलाज नसतो.

एट्यूड हा फ्रेंच शब्द, अर्थ सरळ, अभ्यास. म्हणजे एखादी अवघड गोष्ट पकडायची, उदाहरणार्थ जोडस्वर, म्हणजे एकाच हातानं दोन पट्ट्या एकदम, नाहीतर डाव्या हाताच्या उड्या, आणि तीच गोष्ट सगळी रचनाभर घोटायची. आता आपल्याकडे लोक याला पलटे, म्हणजे गाण्याच्या रियाजातले सरगमचे तुकडे, म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. पलटा मैफलीत कोणी जसाच्या तसा गात नाही. एट्यूडला जवळचं काही असेल तर तो तबल्यातला कायदा. कायदा हा रियाज पण आहे आणि सोलो वादनात तोच कायदा मांडून, त्याचा विस्तार करून, तिहाया घेऊन तबलजी टाळ्या पण घेतो, तिथं कोणी उठून म्हणत नाही की हा तर रियाज झाला, आता संगीत वाजवा. रोमँटिक काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या, पियानोवाल्यांनी नेमकं हेच केलं, अभ्यासाची वही उचलून सरळ स्टेजवर आणली.

यात शोपँचा मान मोठा, कबूल. त्याचा पहिला बारांचा संच १८३३ ला छापून आला, दुसरा १८३७ ला, आणि त्यानंतर एट्यूड या शब्दाची उंचीच बदलली. पण म्हणून त्याच गल्लीत दुसरं कोणी राहतच नव्हतं असं समजायचं कारण नाही.

हेन्झेल्ट घ्या. आडोल्फ हेन्झेल्ट, जन्म १८१४ चा, बव्हेरियातला, १८३८ ला सेंट पीटर्सबर्गला गेला आणि तिकडेच रमला. त्याच्या ओपस २ मध्ये (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनेचा क्रमांक) बारा एट्यूड्स आहेत, त्यातल्या सहाव्याचं नाव फ्रेंचमध्ये आहे, मराठीत सांगायचं तर ‘मी पाखरू असतो तर’. स्केल, म्हणजे स्वरसप्तक, एफ शार्प मेजर. त्यात सहा शार्प, म्हणजे चढे स्वर, बोटं बहुतेक वेळ काळ्या पट्ट्यांवर, त्या अरुंद आणि निसरड्या. दोन्ही हातांना जोडस्वर, वेग चांगलाच, आणि हे सगळं वाजवायचं हळू आवाजात, पिसासारखं. जोरात वाजवायला सांगितलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता, कारण जोरात वाजवताना चुका आवाजात खपतात, हळू वाजवताना एक पट्टी जरा उशिरा खाली गेली तरी कपड्यातला तुटका धागा दिसावा तशी दिसते. भाचीनं हा चौदा महिने केला. पहिले चार महिने तो पाखरू नव्हता, कोंबडी होती, हे तिचंच म्हणणं. आणि मग एका संध्याकाळी, का कोण जाणे, मनगट सैल पडलं आणि ते उडालं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, म्हणाल्या, उद्या परत. बास, तेवढंच कौतुक.

रखमानिनोव्हसारख्या नावाजलेल्या रशियन पियानिस्टनं १९२३ ला हा एट्यूड रेकॉर्ड केलाय, ते रेकॉर्डिंग आज मोबाइलवर ऐकायला मिळतं, आवाजात खरखर आहे पण दोन मिनिटं द्या त्याला. कवायत वाटली तर मला शिव्या द्या.

गेल्या वर्षी इथल्याच एका कार्यक्रमात, कोणाचा ते राहू दे, भाचीनं हाच हेन्झेल्ट वाजवायला घेतला. डिजिटल पियानो होता, तरी छान लागला होता हात. मध्यावर पोचली असेल नसेल तोच निवेदक माइकवर, "वा वा, आता एखादं ओळखीचं होऊन जाऊ दे!" पोरीनं हात उचलले, मान हलवली, सिनेमाचं गाणं वाजवलं, टाळ्या पडल्या, शाल-नारळ पण मिळाला. येताना रिक्षात एक शब्द नाही. सात रस्ता आला तेव्हा म्हणाली, "मामा, त्यांना वाटलं मी अजून हात गरम करतेय." आता तुमच्या पुरवणीत कवायत हा शब्द वाचला आणि मला ती रिक्षा आठवली, म्हणून हे पत्र एवढं लांबतंय, क्षमस्व.

अवघड म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फक्त वेग येतो, हा दुसरा घोटाळा. सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराचा ओपस ५२ आहे, १८७७ चा, सहा एट्यूड्स. त्यातला दुसरा बोटांच्या स्वातंत्र्यासाठी, असं नावच दिलंय त्यानं. ऐकायला संथ, उदास, नवशिक्याला वाटावं हे तर मी आठवड्यात बसवतो. त्यात होतं काय की हातानं चार-पाच स्वरांचा एकच गठ्ठा दाबायचा, परत दाबायचा, परत दाबायचा, गठ्ठा तोच, पण दर वेळी त्यातला एकच स्वर बाकीच्यांपेक्षा ठळक ऐकू यायला पाहिजे, आणि तो ठळक स्वर या बोटावरून त्या बोटावर सरकत जातो आणि त्याची एक चाल तयार होते. पाची बोटं एकाच वेळी खाली, पण वजन फक्त एकात.

सोपं वाटतंय? आत्ता करून बघा. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट दुमडून तळव्याखाली घ्या, बाकीची बोटं टेकलेली. आता अंगठा उचला, उचलतो. करंगळी उचला, उचलते. अनामिका उचला. नाही उचलत ना? हाताच्या मागच्या बाजूला स्नायूंचे दोर आहेत, ते या बोटांचे एकमेकांत गुंतलेत, शेजारी जाम असला की हा पण जाम. असल्या बोटाला सांगायचं की तू एकटा ठळक बोल, आणि ओरडू नको, बोल. भाचीच्या हाताखाली मी हे रोज संध्याकाळी बघितलंय, चेहऱ्यावर घाम आणि आवाज मात्र असा की कोणीतरी खिडकीत बसून गुणगुणतंय.

आमच्या शेजारी एक काका आहेत, तेलुगू घर, पूर्वी चादरीच्या जेकार्ड मागावर होते, आता गुडघे गेलेत म्हणून घरी. त्यांचा आणि पियानोचा काही संबंध नाही. एकदा भाची आमच्याकडे की-बोर्डवर हा एट्यूड घोटत होती आणि काका ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. मला म्हणाले, "एवढ्या धाग्यात एकच धागा रंगीत घातलाय की ओ, कधी वर येतोय, कधी खाली जातोय." मी म्हटलं, काका, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणे, "जेकार्ड बी हेच करतंय की. कार्डाला भोक आसंल तेवढाच धागा उचलतोय, बाकीचे गप. लोकं मोर बघतेत, धागे कोण बघतंय." आणि परत शेंगा. मी तुम्हाला खोटं कशाला सांगू, संगीताच्या पुस्तकात दोन पानं वाचून मला जे नीट कळलं नव्हतं ते काकांनी शेंगा सोलता सोलता सांगून टाकलं. ते जेकार्ड पण फ्रेंच माणसाचंच, लियाँचा, १८०४ च्या सुमाराचं. फ्रेंचांना ही खोड जुनी दिसते.

आता अल्काँ. शार्ल-व्हॅलाँताँ अल्काँ, पॅरिसचा, १८१३ ते १८८८. याच्याबद्दल लिहायला लागलो तर तुमचं अख्खं पान जाईल. शोपँचा मित्र, काही काळ शेजारी पण. शोपँनं पियानो शिकवण्यावर जे पुस्तक लिहायला घेतलं होतं आणि अर्धं राहिलं, त्याचे कागद ज्यांच्यासाठी ठेवले त्यात अल्काँ होता. मग १८४८ ला पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटवारमध्ये, म्हणजे तिथल्या संगीत विद्यालयात, पियानोच्या प्राध्यापकाची जागा निघाली, याला वाटत होतं आपल्याला मिळणार, दुसऱ्याला दिली. गडी घरात जाऊन बसला तो वर्षानुवर्षं स्टेजवर फिरकलाच नाही. घरात बसून काय केलं तर १८५७ ला, आपल्याकडे बंड पेटलं होतं त्याच साली, बारा एट्यूड्सचा ओपस ३९ काढला, सगळ्या बारा मायनर स्केल्समध्ये एकेक (स्केल्स दोन जातींची, मेजर आणि मायनर, प्रत्येकी बारा). बारा एट्यूड्स म्हणजे तुम्हाला वाटेल बारा छोटे तुकडे. नाही. त्यातले चार मिळून एक सिंफनी होते, एरवी अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी लिहितात तशी मोठी रचना. तीन मिळून एक काँचेर्टो होतो, आणि काँचेर्टो म्हणजे ऑर्केस्ट्रा आणि पियानो दोघांचा सामना असतो, इथं ऑर्केस्ट्रा नाहीच, एकच माणूस दोघांचं काम करतो, आता मी व्हायोलिनवाले, आता मी एकटा पियानोवाला. त्या काँचेर्टोचा नुसता पहिला भाग तेराशेहून जास्त मात्राखंडांचा आहे, जवळजवळ अर्धा तास चालतो. याला कवायत म्हणायची तर मग पंढरीच्या वारीला मॉर्निंग वॉक म्हणा.

आणि शेवटचा, बारावा एट्यूड, ‘इसापची मेजवानी’. आठ मात्राखंडांची साधी, जराशी मिस्कील चाल आणि तिच्यावर पंचवीस व्हेरिएशन्स, म्हणजे तीच चाल पंचवीस वेळा रूप बदलून. त्यातल्या एका ठिकाणी अल्काँनं स्वरलिपीवर भुंकल्यासारखं वाजवा अशी सूचनाच लिहून ठेवलीय. दहा मिनिटांत सगळं प्राणिसंग्रहालय येऊन जातं. आमच्या घरी लहान मुलं आली की मी हाच लावतो, त्यांना अवघड-सोपं काही माहीत नसतं, ती सरळ विचारतात, आता कुठला प्राणी आला.

माझा स्वतःचा लाडका मात्र वेगळाच, त्याचाच ओपस २७, ‘रेल्वे’, १८४४ चा. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ ला, त्याच्या नऊ वर्षं आधी या माणसानं पियानोवर आगगाडी काढली. उजवा हात थांबतच नाही, डाव्या हातात चाकांची घरघर, वेगाचा आकडा इतका भलता की पियानोवर तो पाळायचा म्हणजे बोटांवर इन्शुरन्स काढावा. आणि शेवटी गाडी स्टेशनात येते तशी हळूहळू दम टाकत थांबते. महान रचना आहे असं मी म्हणणार नाही, गंमत आहे. पण रेल्वे लाइन्समध्ये त्या बाईंच्या घरात बसून हे ऐकताना मागून खरी गाडी हॉर्न देत गेली होती एकदा आणि बाई हसून म्हणाल्या, लेट आहे.

मग हे लोक मागे का पडले, तर मला दिसतं ते असं की कारणं फार क्षुल्लक असतात. अल्काँ घरात बसला. हेन्झेल्टला स्टेजची एवढी धास्ती की तिशी सरता सरता त्यानं जाहीर वादन जवळपास सोडलंच, मग त्याची रचना त्याच्या तोंडून ऐकणार कोण. मॉशकोव्हस्की म्हणून एक होता, त्याचे ओपस ७२ चे पंधरा एट्यूड्स आहेत, त्यातला एफ मेजरमधला सहावा होरोविट्झ हा प्रसिद्ध पियानिस्ट टाळ्या संपत नसल्या की शेवटी वाजवायचा, शॅम्पेनची बाटली फुटावी तसा दोनेक मिनिटांत संपतो. त्या मॉशकोव्हस्कीनं आपल्या रचनांचे हक्क विकून पैसा रोख्यांत घातला, पहिल्या महायुद्धात त्या रोख्यांची रद्दी झाली, शेवटी पॅरिसमध्ये १९२५ ला गरिबीत गेला. १९२१ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मोठमोठे पियानिस्ट त्याच्या मदतीसाठी एकत्र येऊन वाजवले होते, म्हणजे ज्यांना कळत होतं त्यांना कळत होतं.

आणि लुईझ फाराँक. ही बाई, एवढंच कारण पुरलं असणार. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटवारमध्ये १८४२ पासून तीस वर्षं पियानोची प्राध्यापक, पुरुषांपेक्षा कमी पगारावर, आणि १८५० मध्ये तिची एक रचना गाजल्यावर तिनं समान पगार मागितला आणि घेतला. तिचे सगळ्या मेजर-मायनर स्केल्समधले तीस एट्यूड्स आहेत, ओपस २६. कॉन्झर्व्हेटवारनं ते १८४५ ला शिकवण्यासाठी लावले होते. यातले सगळे वाजवायला भयंकर अवघड नाहीत, पण स्वच्छ आहेत, इस्त्रीच्या कपड्यासारखे, आणि ज्याला मधल्या पायरीवर काहीतरी चांगलं हवंय त्या विद्यार्थ्याला झेर्नी नावाच्या मास्तरानं लिहिलेल्या एट्यूड्सच्या डोंगरातून वाट काढण्यापेक्षा हे परवडतात. झेर्नीच्या भक्तांनी रागावू नये. लिस्ट या थोर पियानिस्ट-संगीतकाराचा गुरू होता तो, उपकार आहेत, पण त्याचं सगळं ऐका असं मी शत्रूला पण सांगणार नाही. लेखकांचं वाक्य तिथं लागू पडतं, हे मान्य करतो.

थालबर्ग या त्याच काळातल्या पियानिस्टचं पण तसंच, कौशल्य पुष्कळ, पण मला तरी दुसऱ्यांदा लावावंसं वाटत नाही. त्याउलट रशियातला ल्यापुनोव. लिस्टनं चोवीस स्केल्समध्ये चोवीस एट्यूड्स करायचे ठरवले होते, बारावर थांबला. ल्यापुनोवनं १८९७ ते १९०५ अशी वर्षं घालवून उरलेल्या स्केल्समध्ये बारा लिहिले आणि लिस्टच्या स्मृतीला वाहिले. दहावा कॉकेशसमधला नाच आहे, लेझगिंका, तो लागला की माझा पाय हलतोच. पहिला मात्र अंगाई. बारा भयानक अवघड एट्यूड्सचा संच काढायचा आणि सुरुवात बाळाला झोपवण्यापासून करायची, या माणसाला मानलं आपण.

हे सगळं ऐकायला आज पैसे लागत नाहीत. यांची स्वरलिपी कॉपीराइटच्या बाहेर गेलीय, इंटरनेटवर फुकट मिळते, अल्काँ ऐकायचा तर मार्क-आंद्रे आमलाँ या पियानिस्टचं वादन शोधा, आणि एक सल्ला, स्वरलिपी वाचता येत नसली तरी समोर उघडून ठेवा. पान काळं कुठं होतं आणि आवाज तिथं हलका कसा राहतो एवढं बघितलं तरी पुरे. माझी सुरुवात अशीच झाली.

पुरवणीच्या लेखकांना माझं मनापासून आमंत्रण आहे, पत्ता पत्रासोबत वेगळा दिलाय, तो छापू नये. रेल्वे लाइन्सच्या बाईंना मी विचारून ठेवलंय, त्या हो म्हणाल्यात, भाची पण त्या सुमारास पुण्याहून येणार आहे. पाखरू ऐकवेल, सँ-साँसचा तो दुसरा ऐकवेल, शेजारचे काका पण यायचं म्हणतायत, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी माझ्याकडून. फक्त एप्रिल-मेमध्ये येऊ नका. इथल्या कोरड्या उन्हात त्या पियानोचं लाकूड आखडतं, आत पाण्याची पातेली ठेवली तरी सूर उतरतोच, आणि ट्यूनर पुण्याहून येतो तो पाऊस पडून गेल्याशिवाय हात लावत नाही. गणपती झाले की या.

आपला नेहमीचा वाचक,
सोलापूर